पहिलं कुलूप मैदानालाच का?

२०२१च्या एप्रिलमध्ये माझे अब्बा रोज पहाटे इमारतीच्या पॅसेजमध्ये चालायचे. कौशातली जुनी इमारत, चौथा मजला. दोन्ही बाजूंना मिळून आठ दारं, मध्ये चार-साडेचार फुटांची वाट, एका टोकाला जिना आणि दुसऱ्या टोकाला जाळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं. अब्बांना पंधरा वर्षांपासून डायबेटीस आहे आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं टर्नर म्हणून काढलेला माणूस, मोजमापाचा पक्का. किती फेऱ्या झाल्या की पाऊण तास होतो, याचा हिशोब त्यांनी करून ठेवला होता.

त्याआधी ते फजरच्या नमाजनंतर बायपासच्या बाजूला फिरायला जात. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात निर्बंध लागले, योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी यायला बंदी झाली आणि फिरणं, धावणं, सायकल चालवणं हे काही योग्य कारण धरलं गेलं नाही. त्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. दोन दिवसांनी अब्बांना रस्त्यात एका पोलिसाने थांबवलं. तो काही वाईट बोलला नाही. "चाचा, वरून ऑर्डर आहे, घरी जा," एवढंच म्हणाला. अब्बा घरी आले आणि पॅसेजमध्ये चालू लागले.

त्या पॅसेजमध्ये आठ घरांची दारं उघडी असायची, कारण घरात वारा यायला दुसरी वाट नव्हती. पोरं तिथेच खेळत. कुणी तापाने फणफणलेलं, कुणी खोकतंय. म्हणजे सरकारने माझ्या बापाला डोंगराच्या कडेच्या मोकळ्या हवेतून उचललं आणि आठ कुटुंबांच्या श्वासात आणून सोडलं, तेही त्यांच्या आरोग्याच्या काळजीपोटी.

मी तेव्हा कल्याणला खडकपाड्याजवळच्या एका मोठ्या संकुलात राहत होतो, आजही राहतो. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, खाली बाग, बागेभोवती चालायला फरशीची वाट. सुरुवातीचे आठ-दहा दिवस कमिटीने बागेला कुलूप लावलं. मग सभासदांनी ओरड केली आणि सकाळ-संध्याकाळ बाग उघडली. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मी संध्याकाळी खाली उतरायचो, मास्क लावून दहा फेऱ्या मारायचो. मला कुणी अडवलं नाही, कारण माझं मैदान खासगी होतं. बाप आणि मुलगा, लोकलने वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर, एकच आदेश. मुलगा मोकळ्या हवेत आणि बाप बोळात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. साथीच्या काळात मैदानं, बागा, तलावाकाठच्या वाटा सगळ्यात शेवटी बंद करायच्या आणि सगळ्यात आधी उघडायच्या. आपण नेमकं उलट केलं. पहिलं कुलूप मैदानाला लागलं आणि त्याची किंमत ज्याच्याकडे स्वतःची बाग नाही त्याने मोजली.

"तेव्हा कुणाला काय माहीत होतं," असं आता म्हटलं जातं. मार्च २०२०मध्ये हे खरं होतं. पहिल्या काही आठवड्यांत सगळं बंद ठेवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माहिती यायला फार दिवस लागले नाहीत. चीनमधल्या ३२० शहरांतल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास एप्रिल २०२०मध्येच जगासमोर आला होता. तीन किंवा जास्त माणसांना एकत्र लागण झाल्याच्या ३१८ घटना त्यात होत्या. सगळ्याच्या सगळ्या बंदिस्त जागेतल्या, त्यातल्या २५४ घरांतल्या. उघड्यावर लागण झाल्याची एकच घटना सापडली, तीही दोन माणसांची. ते थंडीचे दिवस होते, लोक तसेही घरात होते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे मुंब्र्याला लावता येणार नाहीत हे मला कळतं. पण बोट कोणत्या दिशेला आहे ते दिसत होतं. जुलै २०२०मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून सांगितलं की हा विषाणू हवेतूनही पसरतो, त्याची दखल घ्या.

यातलं शास्त्र समजायला पदवी लागत नाही. गुरुवारी घरात लोबान फिरवतात. दार-खिडकी बंद असेल तर तासाभरानेही धूर डोळ्याला लागतो. तोच लोबान मैदानात पेटवला तर दहा पावलांवर वाससुद्धा येत नाही. आजारी माणसाच्या श्वासातले बारीक कण असेच वागतात. घरात साठतात, उघड्यावर पांगतात.

आता आपल्याकडचे आदेश बघा. ३ जून २०२०पासून 'मिशन बिगिन अगेन'मध्ये राज्याने पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालणं, धावणं, सायकल चालवणं, बागेत-मैदानात व्यायाम करणं याला परवानगी दिली. हा शहाणपणाचा निर्णय होता आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पण महिनाभरात ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत २ जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी आली. आधी १२ जुलैपर्यंत, मग १९पर्यंत. जूनमध्ये मिळालेली मोकळी हवा जुलैमध्ये पुन्हा गेली.

दुसऱ्या लाटेनंतरचा आदेश तर सरळ हास्यास्पद होता. ४ जून २०२१ला राज्याने पाच स्तर ठरवले. तिसऱ्या स्तरात सार्वजनिक मैदानं, चालणं, सायकल यांना वेळ मिळाली पहाटे ५ ते सकाळी ९. आणि हॉटेलात बसून खायला, निम्म्या क्षमतेने, आठवड्यातले पाच दिवस दुपारी ४पर्यंत मुभा. म्हणजे सकाळी अकरा वाजता मास्क काढून बंद खोलीत चार अनोळखी टेबलांच्या मध्ये बिर्याणी खाणं चाललं असतं, पण त्याच वेळी मास्क लावून मैदानात एकट्याने चालणं हा गुन्हा होता. त्याच्या आधीच्याच महिन्यात, मे २०२१मध्ये, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने देशाला सांगितलं होतं की सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. पुढे जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा मॉल, थिएटर, हॉटेलं निम्म्या क्षमतेने सुरू राहिली आणि गड-किल्ले बंद झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

यावर कुणी म्हणेल, हॉटेलवाल्याचं पोट त्यावर चालतं. बरोबर आहे. हॉटेलातल्या वेटरचा आणि भटारखान्यातल्या पोराचा रोजगार मला मान्य आहे. हॉटेलं बंद करा असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की ज्यात धोका जास्त ते दुपारी ४पर्यंत चालतं, तर ज्यात धोका कमी ते ९ वाजता का थांबतं? मैदानाचा कुणी मालक नाही, त्याची संघटना नाही, त्याच्या वतीने मंत्रालयात कुणी निवेदन घेऊन जात नाही. म्हणून ते थांबतं.

आता मैदान कुणाकडे आहे ते पाहू. राज्याच्या विकास नियंत्रण नियमांनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना १० टक्के जागा रहिवाशांच्या मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. घोडबंदर रोडवरच्या, खडकपाड्यातल्या संकुलांमध्ये बागा दिसतात त्यामागे बिल्डरचा जिव्हाळा कमी आणि असा नियम जास्त आहे. मुंब्रा-कौशात, कल्याणच्या जुन्या मोहल्ल्यांत, डोंबिवलीच्या चाळींत भूखंड लहान, कितीतरी बांधकामं परवानगीविना, इमारतीला इमारत खेटून. तिथे १० टक्के कुठून येणार? १९९२-९३च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं मुंबईतून मुंब्र्यात आली, कारण इथे घर मिळत होतं आणि जिवाची भीती नव्हती. मैदान आहे का, हे विचारायची ती वेळ नव्हती.

अशा वस्तीत पालिकेचं मैदान हीच सगळ्यांची बाग असते. ठाण्याला मासुंदा आहे, उपवन आहे, कचराळी आहे, येऊरची झाडी आहे. कल्याणला काळा तलाव आहे. डोंबिवलीत भागशाळा मैदान, नेहरू मैदान. कौशातलं स्टेडियम कोविड रुग्णालयासाठी घेतलं, डोंबिवलीचं सावळाराम महाराज क्रीडा संकुलही. तेव्हा खाटा हव्या होत्या, त्यावर वाद नाही. पण एका वस्तीची मोठी मोकळी जागा काढून घेतली तर बदल्यात दुसरी कुठली देणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. उत्तर समोर होतं. शाळा महिनोन्‌महिने बंद होत्या. त्यांची पटांगणं रिकामी पडली होती, फाटकाला कुलूप होतं. त्या पटांगणांत सकाळी मधुमेहाचे रुग्ण आणि संध्याकाळी लहान मुलं पाळीपाळीने आली असती तर काय बिघडलं असतं?

विरोधी मुद्दा मी टाळणार नाही. "लोकांना शिस्त नाही. बोट दिलं की हात धरतात. मरीन ड्राइव्हवर काय झालं पाहिलंत ना?" पाहिलं. जून २०२०मध्ये फिरण्याची मुभा मिळाली आणि मरीन ड्राइव्हवरच्या गर्दीचे फोटो आले. अडीच महिने कोंडलेली माणसं समुद्राकडे धावली. पण गर्दी कशाने होते याचाही विचार करा. रेशनचं दुकान दिवसातून दोनच तास उघडलं तर रांग लागणारच. मग रांगेचा फोटो काढून लोक बेशिस्त आहेत म्हणायचं? माझ्या कामात हा रोजचा प्रश्न आहे. दिवसभराची मागणी चार तासांत कोंबली तर सर्व्हर बसतो आणि तेव्हा आम्ही ग्राहकाला शिव्या देत नाही, वेळ आणि जागा वाढवतो. मैदान पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं ठेवा, जवळची दहा उघडा, गर्दी आपोआप विरळ होईल.

धबधब्याखाली चाळीस जणांनी नाचणं, दहा जणांनी एका जीपमध्ये कोंबून पावसाळी पिकनिकला जाणं, टेनिस क्रिकेटची टुर्नामेंट भरवून दोनशे प्रेक्षक जमवणं, चालून झाल्यावर टपरीत घोळका करून चहा पिणं, यांचं समर्थन मी करत नाही. साथीत हे सगळं बंदच हवं. पण या चार गोष्टी रोखायच्या म्हणून एकट्याने चालणाऱ्या म्हाताऱ्याला घरी पाठवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं झालं.

"पोलीस फरक कसा करणार?" हाही प्रश्न येतो. दुसऱ्या देशांनी केला. ब्रिटनमध्ये पहिल्या टाळेबंदीतही दिवसातून एकदा चालायला, धावायला, सायकल चालवायला बाहेर पडता येत होतं. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटरच्या आत एक तास. उलट स्पेनने मुलांना सहा आठवडे दाराबाहेर पडू दिलं नाही, आणि २६ एप्रिल २०२०ला मुलं रस्त्यावर आली तेव्हा आईबापांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्याकडे रस्त्यात उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ फिरले. उठाबशांना माणूस लागतो, तसा नियम समजावून सांगायलाही माणूसच लागतो. तो तिथे हजर होता.

आपल्या वाचकांशी एक गोष्ट वेगळी बोलायला हवी. मार्च २०२०च्या अखेरीस तबलिगी जमातचं प्रकरण झालं आणि दाढी, टोपी, बुरखा हीच जणू रोगाची लक्षणं झाली. पुढे २१ ऑगस्ट २०२०ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडलं गेल्याची शक्यता नोंदवली. पण तोवर आपल्या पोरांच्या मनात भीती बसली होती. नाक्यावर चौघे उभे दिसले की कुणी तरी गॅलरीतून मोबाइल काढायचं आणि खाली ओळ यायची, "बघा, हे ऐकतच नाहीत." एका खोलीत सात माणसं राहतात, म्हणून पोरं गल्लीत उभी राहतात. घराच्या तुटवड्याचा फोटो काढून तो धर्माच्या नावावर खपवला गेला. ती पोरं मैदानात लांब लांब उभी राहिली असती, तर आजारही कमी पसरला असता आणि तो फोटोही निघाला नसता.

आता आपलीही चूक बघू. प्रार्थनास्थळं उघडावीत म्हणून आपल्यातल्या कितीतरी मंडळींनी निवेदनं दिली, चर्चा केल्या. १६ नोव्हेंबर २०२०ला पाडव्याच्या दिवशी ती उघडली, चांगलं झालं. पण मैदान उघडा म्हणून कुणी पालिकेत गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा मीही गेलो नाही. मशीद आपली वाटते, मैदान सरकारचं वाटतं. आणि अम्मीचं काय? अब्बांचं फिरणं बंद झालं म्हणून मी चिडलो. अम्मीला रक्तदाबाचा त्रास आहे, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी तिलाही चालायला सांगितलंय. मैदान उघडं होतं तेव्हाही ती कधी गेली नाही. कारण पहाटे तिथे पुरुष असतात, संध्याकाळी क्रिकेट असतं, आणि मधल्या वेळात ती स्वयंपाकघरात असते. तिची टाळेबंदी २०२०च्या कितीतरी आधी सुरू झाली होती आणि ती लावणाऱ्यांत आपण घरातलेच होतो. मैदान मागायचं तर तिच्यासाठीही मागायला हवं.

माझी आजी कराडकडची. प्लेगच्या दिवसांच्या, तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या गोष्टी ती सांगायची. उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या बांधून राहत. ते शहाणपण त्या आजारापुरतं अचूक होतं, कारण प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरायचा आणि उंदीर घरात होते. मुंबईत १८९६ला प्लेग आला. त्यानंतर १८९७चा साथरोग कायदा झाला, आणि १८९८ला सुधार ट्रस्ट उभा राहिला, दाट वस्तीत उजेड आणि वारा आणायचा म्हणून. त्यातला माणसाला अडवणारा कायदा आपण २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला. उजेड आणि वारा मात्र फाइलीतच राहिला.

निर्बंध एप्रिल २०२२मध्ये उठले. मग आज हे कशाला? कारण पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हातात नाही, पण तेव्हाचा आदेश कसा असेल हे आत्ता ठरवता येतं. रात्री अकरा वाजता घाईत लिहिलेला आदेश मागच्याची नक्कल असतो. म्हणून शांततेच्या दिवसांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या साथीच्या आराखड्यात चार गोष्टी लिहून घ्यायला हव्यात. एक, मोकळी जागा शेवटी बंद होईल आणि पहिली उघडेल. बंद करायचीच तर कारण आणि फेरविचाराची तारीख आदेशात असेल. दोन, घराजवळ, गाडी न काढता, घोळका न करता चालायला दिवसभर मुभा असेल. तीन, मैदान रुग्णालयासाठी घेतलं तर त्याच प्रभागातल्या शाळांची पटांगणं लोकांना उघडली जातील. चार, रोज काही तास फक्त बायका आणि मुलांसाठी राखलेले असतील.

हे आपोआप होणार नाही. तुमच्या प्रभागाच्या विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून किती भूखंड आरक्षित आहेत आणि आज त्यांवर काय उभं आहे, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. मी कौशासाठी अर्ज लिहायला घेतलाय. तुम्ही तुमच्या भागासाठी लिहा. उत्तर आलं की नगरसेवकाला दाखवा, मशिदीच्या कमिटीलाही दाखवा.

त्या अडीच महिन्यांत अब्बांची साखर वाढली आणि पाय बधिर होऊ लागले. आता ते बायपासपर्यंत जात नाहीत. हातात काठी आलीय. पॅसेजमध्ये अजूनही चालतात, सवय लागलीय म्हणतात. बावीस पावलं, वळायचं, पुन्हा बावीस.